सावंतवाडीने मारलेली पाचर

तिसरी कॉइल साच्यावरून उतरवताना फाटली, त्याच दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एका नळीतून कणांचा झोत धावतो. तो भरकटला की त्याला जरासा वळवायला लहान चुंबक लागतात. त्यांची कॉइल करायला साच्यावर तांब्याची तार गुंडाळायची, वर रेझिन कडक होऊ द्यायचं आणि कॉइल सोडवायची. सोडवतानाच माझं घोडं अडत होतं. चौथी बिघडली तर काम बाहेर द्यायचं, असं साहेबांनी सांगून टाकलं. मला ते माझ्याच हातून व्हायला हवं होतं.

लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या सावंतवाडीत नवा लाकडी साचा करून घ्यावा म्हणून एसटी धरली. सकाळी आंबोलीचा घाट लागतो. पोट नाजूक असेल तर पुढची सीट घ्या. उतरल्यावर तळ्याकाठी घावणे आणि चहा, साठेक रुपयांत पोटभर.

चितार आळीत लाकडी फळं रंगवणाऱ्या सुलभाकाकींपुढे मी जुना साचा आणि फाटकी कॉइल ठेवली.

"ह्या कित्याक?"

"कणांना वळवायला. ते डोळ्यांना दिसत नाहीत."

"दिसत नाय तेंका तू वाट दाखवतंस?" काकी हसल्या. साचा हातात फिरवून म्हणाल्या, "तू बांधूक शिकलंस गो, सोडूक नाय."

त्यांनी फळीवरून कागदी डबीचा साचा काढला. खळ लावलेले थर त्याच्यावर वाळून कडक झाले होते. त्यांनी मधली पाचर उपसली, साच्याचे दोन तुकडे आत कलले आणि डबी अलगद हातात आली. आमच्याकडे पाचर मारली म्हणजे काम अडलं. इथे पाचरीमुळेच सुटत होतं. मला माझीच लाज वाटली, आणि आनंदही झाला.

"उद्या ये. तवसर मालवण बघ."

कुडाळमार्गे दोनेक तासांत मालवण. सुरमईची थाळी चारशेच्या आसपास, सोलकढी पुन्हा मागितली तरी कुणी कपाळाला आठी घालत नाही. समुद्र सुंदर होता, पण माझं सगळं लक्ष त्या पाचरीत.

दुसऱ्या दिवशी साचा तयार. लाखेचा गुळगुळीत मुलामा, आणि पाचरीच्या टोकावर रंगवलेला लाल काजू.

"वयली बाजू खंयची, ता विसरशीत म्हणान."

परतल्यावर चौथी कॉइल गुंडाळली. काजू वर ठेवून पाचर ओढली. कॉइल जशीच्या तशी बाहेर आली. पुढच्या आठवड्यात चुंबक नळीवर बसला आणि पडद्यावरचा झोताचा ठिपका मी सांगेन तिकडे सरकला. मालवणचे फोटो मी अजून पाहिलेले नाहीत. काजू मात्र रोज टेबलावर दिसतो.

कॉइल सुटली त्याच संध्याकाळी काकींना फोन केला होता. "काकी, सुटली."

"सुटली? मगे रडतंस कित्याक?"