‘कोणाला भेटायचंय?’ हा रकाना

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये फाईल हरवते, स्टेपलर हरवतो, एकदा तर अख्खा कूलर हरवला होता; पण किस्सा कधी हरवत नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये फिल्टर कॉफी समोर आली की कोणीतरी एक सोडतो, दुसरा त्याला आणखी एक जोडतो, आणि पुढच्या आठवड्यात आपलाच किस्सा मीठमसाला लागून आपल्याकडे परत येतो. तेव्हा माझे मीच सांगून टाकलेले बरे. त्यांत मी जळताना दिसेन. दिसू दे. जळलोच आहे!

मी सातपुते. मूळचा साताऱ्याचा, अठरा वर्षं चेन्नईत, सरकारी निधीवर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेत. पाऊस किती पडला, कुठल्या रस्त्यावर पाणी किती तुंबलं, हे मोजणं आमचं काम. आणि शहरात मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा एक ग्रुप आहे. दिवसा पेरुंगुडीला आयटीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात हौसेने प्रोग्रॅम लिहायचे; लिहिलेलं सगळ्यांना खुलं, कोणीही वाचा, कोणीही सुधारा. आमच्या आकड्यांवरून तुंबलेल्या पाण्याचा नकाशा काढणारा एक प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. डायरेक्टरसाहेबांना तो आवडला. लगेच ऑफिस ऑर्डर निघाली: ‘मुक्त सॉफ्टवेअर समुदायाशी विश्वासाचे नाते निर्माण करण्यासाठी श्री. सातपुते यांची नोडल ऑफिसर म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.’

विश्वास निर्माण करायला मुदत होती तीन महिने!

*

पहिल्या शनिवारी ग्रुपला भेटायला बोलावलं आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत बसलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. कोणी नाही. खाली गेटवर गेलो तर सिक्युरिटीवाला सेल्वम म्हणाला, “ते लोक? ते दहालाच आले सार.”

रजिस्टर उघडलं. नाव, कुठून आलात, आणि मग तिसरा रकाना: कोणाला भेटायचंय? सहाच्या सहा जणांनी लिहिलं होतं, ‘तुळजाबाई’.

तुळजाबाई म्हणजे आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या टेक्निकल असिस्टंट. तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच असल्यामुळे त्यांचं मराठी बखरीतून उठून आल्यासारखं, त्यात तमिळ हेल. कुठल्या आदेशात नाव नाही, खोलीला दार नाही, फक्त पार्टिशन. त्यामागे सहा जण दाटीवाटीने बसून इडली खात होते.

“अहो सातपुतेराव, यावें की! कापी पिता?” बाई म्हणाल्या.

मी कॉफी घेतली नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरी जाताना ते रजिस्टर चाळायची मला सवयच लागली. एकदा तरी त्या रकान्यात ‘सातपुते’ दिसावं, एवढीच इच्छा. बायको म्हणायची, “पोरीची मार्कशीट कधी इतकी निरखून बघितली नाहीस!”

*

मग मी थेट त्यांच्या मेलिंग लिस्टवर पत्र टाकलं. म्हणजे अशी मेल, जी शेकडो लोकांना एकदम जाते आणि जगात कोणालाही वाचता येते. विषय दिला, ‘पारदर्शकतेच्या दिशेने’. दोन दिवस घासूनपुसून लिहिलं होतं.

पण आमच्या ऑफिसच्या प्रत्येक मेलखाली एक मजकूर आपोआप चिकटतो. ‘सदर मजकूर गोपनीय आहे. आपण योग्य व्यक्ती नसल्यास तो त्वरित नष्ट करावा व तसे कळवावे.’

ग्रुपचा म्होरक्या इळंगो. दाढीवाला, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. त्याचं उत्तर आलं, “सार, आम्ही सगळ्यांनी नष्ट केलं. कळवत आहोत.”

आणि मग खरंच सगळ्यांनी एकेक करून कळवलं!

*

साहेबांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते बघायचं होतं, म्हणून त्यांनी हार्ड कॉपी मागवली. मी अख्खा प्रोग्रॅम छापला. पानापानावर सही, शिक्का, वर स्पायरल बाइंडिंग. एक प्रत कौतुकाने इळंगोला दिली.

त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली. “छान आहे सार. पण यात सुधारणा कशी करायची?”

मी म्हणालो, “फाईलवर नोट पुट अप करा.”

ती प्रत सध्या तुळजाबाईंच्या मॉनिटरखाली आहे. मॉनिटर आता अगदी योग्य उंचीवर आला, असं बाई येईल त्याला सांगतात.

*

हे फार झालं. मी एक परिपत्रक काढलं. इथून पुढे आयकार्ड नसेल तो पाहुणाच, मग संस्थेतला कोणीही असो. आणि ज्याला भेटायचंय तो स्वतः सीटवर आहे का, हे फोन करून विचारल्याशिवाय पाहुण्याला आत सोडायचं नाही. कारण दिलं, सुरक्षा. खरं कारण असं, की तुळजाबाई दिवसातून दहादा सीटवरून उठतात! जरा ताटकळू देत त्यांच्या लाडक्यांना.

सेल्वमने परिपत्रक काचेखाली ठेवलं आणि तोंडपाठ केलं. त्या शनिवारी बाई सकाळपासून सीटवरून हलल्या नाहीत. डबासुद्धा तिथेच खाल्ला.

*

मग गोडीने घ्यायचं ठरवलं. इकडे सन्मान म्हणजे शाल. टी. नगरच्या गर्दीत घुसून, बायकांच्या कोपरांचे मार खाऊन, जरीकाठाच्या सहा शाली आणल्या. कॉन्फरन्स रूममध्ये एकेकाला पांघरल्या. एसी बंद पडलेला. सहाही जण घामाघूम, पण अवघडून बसून राहिले.

शेवटी इळंगो म्हणाला, “सार, शाल नको. नावं हवीत.”

आता हे सांगायलाच हवं. वार्षिक अहवालाच्या नमुन्यात ‘विकसित करणारे’ असा रकाना होता, आणि कंसात ‘फक्त संस्थेचे कर्मचारी’. प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर मात्र या सगळ्यांची नावं. अहवालाला जोडायच्या प्रतीतली ती नावं कोणीतरी काढून टाकली होती. त्यांचा प्रोग्रॅम, वर नाव आमचं. मुक्त सॉफ्टवेअरवाला काहीही फुकट देईल, पण नाव पुसलेलं विसरणार नाही.

मी म्हणालो, “बघतो कोणाकडून झालंय ते.”

बघायचं काय त्यात! मीच काढली होती. एक बटण दाबलं होतं, बस. चहा निवायच्या आत झालं होतं काम.

*

आणि तुळजाबाईंनी काय केलं माहितीये? एके दिवशी आकडे भरताना उणे चिन्ह राहिलं. नकाशावर शहरातलं अख्खं तिरुवल्लिकेणी पाण्याखाली! ग्रुपमधले निम्मे तिथल्याच मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, राहणारे. बाहेर कडक ऊन, आणि लोक खिडकीतून वाकून रस्ता बघतायत!

मनात म्हटलं, आता सापडल्या बाई. मी मुद्दाम त्यांच्या पार्टिशनशी जाऊन उभा राहिलो.

बाईंनी चष्मा लावला आणि दोन बोटांनी लिस्टवर लिहिलं, ‘चुकी माझी आहे. मशीनची नाही. दुरुस्त केलें. तुळजाबाई.’

तीन वाक्यं आणि खाली नाव. अठरा वर्षांत आमच्या संस्थेतून असं पत्र बाहेर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याला नमुनाच नाही! मला वाटलं, ग्रुपवाले आता झोडपतील. तर धन्यवादांचा पाऊस. कोणी म्हणे ‘अम्मा, ग्रेट’, कोणी म्हणे ‘अम्मा, आमच्या गच्चीवर बोट पाठवा’. माझं सर्व्हिस बुक बघा, एकही चूक नाही त्यात. मला कधी कोणी धन्यवाद दिलेत? तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

*

पुढच्याच आठवड्यात मॅन्शनमध्ये त्यांची बैठक झाली. संस्थेतल्या एकाला प्रोग्रॅमची चावी द्यायची, म्हणजे थेट बदल करायचा अधिकार. मी न बोलावताच गेलो, हातात म्हैसूरपाकाचा डबा. इवलीशी खोली, दोरीवर लुंग्या, खाली चटईवर माणसं. म्हैसूरपाक सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला आणि चावी एकमताने तुळजाबाईंना दिली.

जिना उतरताना मी लाज सोडून इळंगोला विचारलं, “मला का नाही?”

“सार, अम्मांच्या चुका आम्हांला माहीत आहेत. तुमच्या कुठे आहेत?”

त्या रात्री घरी जेवताना बायको म्हणाली, “रसम पाचव्यांदा वाढून घेतोयस, बरं आहे ना?”

*

शेवटी शुक्रवारी दुपारी दार लावून घेतलं आणि लिस्टवर लिहिलं. ‘अहवालातून तुमची नावं मी काढली. कोणी सांगितलं नव्हतं. कोणाकडून झालंय ते बघतो असं म्हणालो, तेही खोटं होतं. सुधारित प्रत साहेबांकडे पाठवली आहे. सातपुते.’ खाली ते ‘गोपनीय’ चिकटलंच. त्याला माझा इलाज नव्हता.

संध्याकाळपर्यंत एकही उत्तर नाही. एकही नाही! शनिवारी सकाळी त्याच तंद्रीत निघालो आणि गेटवर आल्यावर खिसे चाचपले. आयकार्ड घरी.

“सेल्वम, मी आहे रे.”

“तुम्हीच आहात सार,” सेल्वम म्हणाला, आणि काचेखालच्या परिपत्रकावर बोट ठेवलं. खाली माझीच सही.

रजिस्टर पुढे आलं. नाव लिहिलं, कुठून ते लिहिलं. कोणाला भेटायचंय? माझ्याच ऑफिसात मी कोणाला भेटणार! मग लिहिलं, ‘तुळजाबाई’. सेल्वमने फोन लावला. अम्मा अजून बसमध्येच होत्या.

“थांबा सार.”

मी बाजूला उभा राहिलो. तेवढ्यात इळंगो आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, रजिस्टरातली माझी ओळ वाचली. पेन घेऊन सावकाश, एकेक अक्षर जुळवत, तिसऱ्या रकान्यात लिहिलं. मी मान लांब करून पाहिलं. ‘साथपुथ्थे’.

सेल्वमने नियमाप्रमाणे माझ्या खोलीचा नंबर फिरवला. वर, पहिल्या मजल्यावर, माझाच फोन वाजताना मला खालपर्यंत ऐकू येत होता. वाजून वाजून बंद झाला.

“सीटवर नाहीत,” सेल्वम इळंगोला म्हणाला. “थांबा. सातपुते सार आले की सोडतो.”

इळंगो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि आम्ही दोघं सातपुत्यांची वाट बघत थांबलो.