तांगोआई मिस्त्रींचा शेवटचा गडी

तांगोआई मिस्त्री ‘येतोय एक जण’ म्हणाले की मी ओळखायची, आजही कोणी येत नाही. माणूस मिळत नाही असं कबूल करायला त्यांची जीभ रेटायची नाही. त्यांच्या कुळाला भर सभेत ‘राजाचे सोबती’ म्हणून मान देतात. आता राजे राहिले नाहीत, आणि सोबती होते ते विमानात बसून परदेशी गेले. सावाई बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर जुन्या बांधणीचं घर उभं करणारे हे एकटे उरले होते. पासष्टी उलटलेली, साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर झालेली, आणि माझ्या माहेरच्या सभाघराचं छप्पर अंगावर घेतलेलं.

सभाघर म्हणजे गोलाकार मांडलेले खांब, भिंती नाहीत, आणि वर पालथ्या होडीसारखं छप्पर. त्यात एकही खिळा नसतो. कमानी, वासे, आढं, सगळं नारळाच्या सुंभाने बांधतात आणि वरून उसाच्या पाल्याने शाकारतात. माझा भाऊ उआती याला घराण्याचा मुखिया करायचं होतं आणि तो सोहळा याच छपराखाली व्हायचा होता. शहरातले चुलत भाऊ म्हणाले, पत्रे ठोका आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, पत्र्यावर पाऊस आला की भाषण ऐकू येत नाही, आणि भाषणच ऐकू आलं नाही तर मान कोणाला दिला ते कळणार कसं? वाद घालण्यात माझ्यापुढे टिकेल असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे.

पण एका गोष्टीने माझी झोप उडवली होती. आमच्याकडे एका मिस्त्रीने हात घातलेलं घर दुसरा मिस्त्री पुरं करत नाही. पहिला रागावून गेला, आजारी पडला, मेला, काहीही होवो, घर तसंच राहतं आणि तसंच कुजतं. घर झालं की घरभरणी होते. मिस्त्रीला आणि त्याच्या गड्यांना जेवण आणि विणलेल्या चटया देऊन मोकळं करतात, आणि त्यानंतर ते स्वतःही त्या छपरावर चढत नाहीत. म्हणजे तांगोआई मिस्त्रींचे हात चालतील तोवरच माझ्या घराला आशा होती.

गडी आलेच नाहीत असं नाही. पहिला लापाना. हात चांगला, बोलणं गोड. एक पाखं बांधून होतंय न होतंय तोच पठ्ठ्या न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला, आणि जाताना वाटेत खायला माझ्याकडून भाजलेला नीरफणस घेऊन गेला. दुसरा इओपू. त्याला जेवणाची वेळ बरोबर कळायची, कामाची कळायची नाही. तिसऱ्याचं नाव घेत नाही, तो माझ्या जावेचा भाचा आहे. तो वाशावर बसून फोनमध्ये रग्बी बघायचा, आणि त्याने घातलेल्या गाठी पहिल्याच वाऱ्यात सुटल्या. गड्यांना घरमालकिणीने रोज जेवू घालायचं असा रिवाज, त्यामुळे या सगळ्यांसाठी मी अळूचे कंद उकडत होते, मासे भाजत होते, पानांत नारळाचं दूध भरून चुलीत घालत होते. छप्पर होतं तिथेच होतं, वाढली ती फक्त त्यांची पोटं.

मिस्त्री कोणाला काही बोलायचे नाहीत. गडी गेले की एकटे वर चढायचे, सैल गाठी सोडायचे आणि पुन्हा घालायचे. बोटांना सुंभ जाणवायचा नाही म्हणून तो दातांत धरून आवळायचे. एकदा बसने किनाऱ्यावरची सगळी गावं पालथी घालून आले आणि माझ्या पायरीवर बसले. म्हणाले, गावागावात म्हाताऱ्या आहेत आणि लहान पोरं आहेत, बाप्ये कुठे विचारलं तर फोटो दाखवतात. मी विचारलं, मग आता काय? “येतोय एक जण,” ते म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांची फार दया आली. त्याहून जास्त माझ्या घराची काळजी वाटली, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते सुरू झालं. संध्याकाळी शंख वाजला की आमच्याकडे ‘सा’ लागतो, प्रार्थनेची वेळ. तेवढा वेळ कोणी रस्त्यावर दिसायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. गावचे तरुण नाक्यावर उभे राहतात आणि नियम मोडेल त्याला पंचांपुढे नेतात. आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो, मिस्त्रीही आमच्यातच होते, आणि सभाघराच्या छपरावरून लाकडी मोगरीचा आवाज आला. गाठ आवळून झाली की ती बसवायला ठोकतात तसा. दोन ठोके, मग शांत, मग पुन्हा दोन. उआतीने प्रार्थनेचा आवाज चढवला. वरचा माणूस आपल्याच लयीत ठोकत राहिला. प्रार्थना संपली आणि तोही थांबला.

नाक्यावरचे तरुण काठ्या घेऊन धावत गेले होते. त्यांना छपरावर कोणी दिसलं नाही, शिडीसुद्धा आडवी पडलेली होती. सकाळी मिस्त्री वर चढले आणि बराच वेळ खाली येईनात. मी हाका मारून दमले तेव्हा उतरले. आदल्या दिवशी मोकळ्या असलेल्या जागी पक्क्या गाठी होत्या, सुंदर, एकीवर एक चढवलेल्या. त्यांनी सुंभाचा एक तुकडा माझ्या नाकाशी धरला. त्याला दवाखान्याचा वास येत होता, फरशी पुसायच्या औषधाचा. आमच्या गावात दवाखाना नाही.

“ही गाठ बघितलीत, फिलेमूताई? टोक डावीकडून आत घेतलंय,” ते म्हणाले. “असं फक्त लेमानूबाबा घालायचे. डावखुरे होते.”

लेमानूबाबा म्हणजे मिस्त्रींचे गुरू. मी लहान असताना त्यांच्या मातीला गेले होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि हे गृहस्थ मात्र हसत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, आता ताट वाढा. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला? ते म्हणाले, गडी कामावर आला की त्याला जेवण देतात, तो कुठून आला ते विचारत नाहीत.

मग त्यांनी ती चूक केली. आमच्याखेरीज दुसऱ्या कुठल्या लोकांच्या हातून ती झालीच नसती. छपराखाली उभं राहून, ताट दोन्ही हातांवर घेऊन, त्यांनी वरच्या रिकाम्या वाशांना ते शब्द ऐकवले, जे प्रत्येक नव्या गड्याला पहिल्या जेवणाआधी ऐकवतात: ‘या घरचं अन्न घ्या, घर पुरं होईतो तुम्ही या छपराचे.’ हे शब्द ऐकलेला गडी घरभरणीशिवाय सुटत नाही. लापाना सफरचंदांच्या बागेत पाय मोडून बसला, तेव्हा त्याच्या आईने याच शब्दांना दोष दिला होता.

ताट रात्रभर तिथे राहिलं. सकाळी सगळं होतं तसं होतं, पण माशाला वास नव्हता आणि कंदाचा तुकडा जिभेवर ठेवला तर चव लागेना, नुसता लगदा. कुत्र्यापुढे टाकला. कुत्रा शेपूट पायांत घालून निघून गेला.

रोज ‘सा’ लागला की मोगरी सुरू व्हायची. काम भराभर पुढे सरकत होतं. पुढे पुढे तर भर दुपारीही कधी कधी एखादा वासा खाली वाकायचा, माणसाने त्यावर बूड टेकावं तसा. मग तो सरळ व्हायचा आणि पलीकडचा वाकायचा. माझी सून त्या बाजूने पाणी आणायला जाईना. उआती म्हणाला, या छपराखाली मला मुखिया व्हायचं नाही. मी त्याला म्हटलं, तू होशील, कारण दुसरं छप्पर नाही. भीती मलाही वाटत होती, पण आयुष्यात पहिल्यांदा एक गडी न सांगता येत होता आणि कामचुकारपणा करत नव्हता. मी ताट वाढत राहिले.

मग ऑकलंडहून फोन आला. मिस्त्रींकडे फोन नाही, म्हणून माझ्याकडे. पेसामिनो नावाचे त्यांचे एक जुने जोडीदार होते, दोघं लेमानूबाबांच्या हाताखाली एकत्र शिकलेले. ते तरुणपणीच न्यूझीलंडला गेले आणि जन्मभर तिकडच्या घरांवर पत्रे ठोकत राहिले. फोनवर त्यांची मुलगी एनेता होती. वडील छपरावरून पडले, म्हणाली, दवाखान्यात आहेत, शुद्धीवर आले नाहीत. मी विचारपूस केली, देवाचं नाव घेतलं. मग ती म्हणाली:

“मावशी, एक विचारू का? संध्याकाळ झाली की बाबांचे हात चालायला लागतात. चादरीचा काठ धरून काहीतरी बांधत असतात. मग मूठ आपटतात, दोनदा. नर्सनं हातांना कापडाच्या पिशव्या बांधल्या तरी थांबत नाहीत. तांगोआईकाकांना विचारा ना, ते काय करताहेत?”

मिस्त्री माझ्या शेजारीच बसलेले होते आणि फोनचा आवाज मोठा होता. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला.

“पेसामिनो लेमानूबाबांच्या शेजारी बसून शिकला,” ते हळूच म्हणाले. “त्यांचं बघून बघून त्याचीही गाठ डावीकडून पडायची. सगळे हसायचो आम्ही त्याला. मी विसरलोच कसा?”

एनेताला त्यांनी विचारलं, हात थांबल्यावर काय होतं? ती म्हणाली, दमतात. रोज श्वास थोडा कमी होतो. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलावून घ्या.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही छपराकडे बघत बसलो. मागच्या बाजूचा थोडा भाग राहिला होता. मी हिशेब केला आणि बोलून टाकलं, कारण मनात ठेवायची मला सवय नाही. “मिस्त्री, तो असाच बांधत राहिला तर या आठवड्यात पुरं होईल. मग रीतसर घरभरणी करू आणि सोडू त्याला.”

“आठवडा निघेल का त्याचा?”

“आणि माझं घर? तुम्हीच सांगता, घरभरणी झाली की पुन्हा हात लावायचा नाही. एवढं भोक ठेवून घरभरणी करणार? लोक तोंडात शेण घालतील तुमच्या. राजाचे सोबती म्हणे.”

“घालू देत,” ते म्हणाले. “ताई, मेलेला माणूस समजून मी त्याला बांधलं. तो जिवंत आहे.”

मी खूप बोलले. उआतीचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, शेवटी रडलेही. मग मला वासा वाकलेला दिसला, अगदी आमच्या डोक्यावर. भर उन्हात तो दमून थरथरत होता. मी उठले आणि सुनेला सांगितलं, डुक्कर कापायला घ्या.

बाकीची घराणी दोन-दोन वर्षं तयारी करून घरभरणी करतात, आम्ही एका दुपारीत केली. पंच आले, मागचं भोक बघून एकमेकांना कोपर मारू लागले. मिस्त्रींनी हत्यारं खांबाशी ठेवली आणि खड्या आवाजात सांगितलं, घर पुरं झालं. मागून कोणीतरी हसलं. मी माझ्या आईच्या हातची चटई, उआतीच्या मानासाठी जपलेली, उघड्या वाशांखाली अंथरली. मिस्त्रींनी त्यावर डुकराच्या पाठीचा मानाचा वाटा ठेवला आणि वर बघून म्हणाले, “पेसामिनो, खाली उतर. तू मोकळा आहेस.”

वासा वाकलेलाच राहिला. इतका वेळ की हसणारेही गप्प झाले. मग तो करकरला आणि सावकाश सरळ झाला. शिडी कोणी धरली नव्हती, तरी तिची एकेक पायरी वाजली. त्या संध्याकाळी ‘सा’ लागला तेव्हा आम्हाला फक्त आमचेच श्वास ऐकू येत होते. मला तो ठोका हवा होता. एवढा चांगला गडी मला पुन्हा मिळायचा नव्हता.

प्रार्थना संपता संपता फोन वाजला. एनेता हसत होती की रडत होती कळेना. बाबांनी डोळे उघडले, म्हणाली, आणि उघडल्यापासून चिडलेत, काकांना फोन लावून दे म्हणून हट्ट धरलाय. मिस्त्रींच्या बोटांना फोन धरवेना, म्हणून मी तो त्यांच्या कानाशी धरला. पलीकडचा आवाज अगदी बारीक होता, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“तांगो, गाढवा, थोडंच तर राहिलं होतं. मला खाली का बोलावलंस?”

मिस्त्रींनी वर बघितलं. भोकातून आभाळ दिसत होतं, आणि पाऊस धरून आला होता.

“जेवायला,” शेवटी ते म्हणाले.