विहीर खारी झाली

गोराईला बाबांची थोडी जमीन होती. पावसाळ्यात भात, थंडीत मुळा, माठ आणि वाल. लग्न होऊन मी बोरिवलीला आले, तरी रविवारी बोटीने खाडी ओलांडून माहेरी जायचेच. आई गेल्यावर तर जास्तच.

पाऊस वेळीअवेळी पडायला लागला, पिकं उन्हाने करपायला लागली, तेव्हा रासायनिक खत बंद करा म्हणून मीच बाबांच्या मागे लागले. आधी ते हसले. मग स्वतःच बोरिवलीच्या तबेल्यातून शेणाच्या गोणी आणू लागले. बोटीवर लोक नाक दाबायचे, बाबा खुशाल पाण्याकडे बघत बसायचे. शेणात गूळ आणि बेसन कालवून पिंपात कुजवायचं, ते जमिनीला घालायचं; ओल टिकावी म्हणून वाफ्यांवर पेंढा अंथरायचा. हळूहळू माती भुसभुशीत झाली, गांडुळं दिसू लागली. एका हिवाळ्यात वाल असा लागला, की शेजारी बियाणं मागायला आले.

पुढच्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं. ते ओसरलं, पण विहीर खारट झाली. आम्ही पंप लावून ती उपसली, बांध नव्याने घातला. खाऱ्या जमिनीत तग धरणारं भाताचं बी बाबांनी कुठूनसं मिळवलं. भात छान आलं. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, पीक आडवं पडलं, दाण्यांना शेतातच कोंब फुटले. थंडीत मुळा पेरला, तर विहिरीच्या अजून खाऱ्याच पाण्याने त्याची पानं कडेने जळत गेली.

मी म्हटलं, अजून शेणखत घालू, पावसाचं पाणी साठवायला खड्डा घेऊ.

बाबा बांधावर बसले होते. "माती सुधारली गं," ते म्हणाले. "गोडं पाणी कुठून आणू?"

तरी माझ्यासाठी ते खणायला उतरले. कमरेइतकं खणल्यावर तळातून पाणी झिरपायला लागलं. बाबांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि फावडं बाजूला ठेवलं.

यंदा त्यांनी काहीच पेरलं नाही. आता ते माझ्याकडेच राहतात. सकाळी माझ्यासोबत बाजारात येतात, पण भाजीला हात लावत नाहीत. मी निवडते, ते पिशवी धरून बाजूला उभे राहतात.