बारा घरांचे मीटर आणि आक्का

आक्का गेल्याची बातमी मला आक्कांच्याच नंबरवरून आली आणि मी ती तीन तास उघडलीच नाही. आता यात माझी काय चूक? रोज सकाळी सातला आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज पडायचाच. टाकीत पाणी किती, मोटर किती मिनिटं चालली, कुणाचा नळ ठिबकतोय... आणि खाली जोडलेले हात आणि गुलाबांची रांग. होळीच्या आठवडाभर आधी त्या सकाळी त्यांचं नाव चमकलं, तसा मी मोबाइल पालथा घातला आणि दाढीला बसलो. दहा वाजता दुकानाचं शटर वर करून तो मेसेज उघडून बघितला. 'आई रात्री झोपेतच गेली. मालन.' लेक माहेरी आलेली, तिनं आईच्या फोनवरून कळवलं होतं. मी तसाच परत फिरलो. चौथ्या मजल्यावर आक्कांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता, आणि तो बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग आज मीटर कुणी वाचले? या विचाराबद्दल मी स्वतःवर अजून चिडून आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा आक्कांवरही.

कारण हे खूळ त्यांचंच. आक्का मूळच्या गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावच्या. गावच्या दूध संस्थेत आयुष्यभर मापाला बसलेल्या. कुणाच्या म्हशीचं दूध किती, फॅट किती, कालच्यापेक्षा आज कमी का, हे तोंडपाठ. नवरा गेल्यावर इथं मंगळवार पेठेत आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि सहा महिन्यांत सेक्रेटरी झाल्या, कारण ते काम दुसरं कुणी करायला तयारच नव्हतं. आमच्या बारा फ्लॅटना पाण्याचे बारा मीटर आहेत, सगळे गच्चीवर, टाकीखाली ओळीनं. बिल महिन्यातून एकदा निघतं, त्यामुळे आकडे महिन्यातून एकदा घेतले तरी चालतात. आक्का रोज घ्यायच्या. सकाळी साडेसहाला बॅटरी, वही आणि कमरेला खोचलेला पदर. मी एकदा वैतागून विचारलं, की बिल महिन्याचं आणि वाचन रोजचं, हे कशासाठी? तर म्हणाल्या, "दूध रोज मापत्यात, मग पाण्यानं काय घोडं मारलंय?"

आणि या आकड्यांचं त्या करायच्या काय, ते दिवाळीला कळायचं. पाडव्याला आक्का स्वतःचं सोडून अकरा घरी भेट द्यायच्या, आणि ती भेट वर्षभराच्या मीटरवरून ठरलेली असायची. खालच्या मजल्यावर एक इंजिनिअर पोरगा एकटा राहायचा, त्याचा आकडा जेमतेम हलायचा. त्याला कपडे वाळत घालायची दोरी, दोन डझन चिमटे आणि साबणाच्या वड्या. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांचं घर मे महिन्यात कुलूपबंद असताना मीटर फिरत होता, तर त्यांना पाना आणि नळाचे वायसर, वर छान सोनेरी रिबीन बांधून. प्राध्यापक आठ दिवस बोलले नाहीत, पण नळ दुरुस्त झाला. माझी बायको मेधा नोकरीसाठी पुण्याला गेली, आठवड्यातून दोन दिवस घरी यायला लागली, त्या वर्षी मला आला दोन लिटरचा कुकर. मी म्हटलं, आक्का, हे काय? तर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "भांडी घासायचं पाणीच जात न्हाई तुझ्याकडं. भडंग खाऊन जगतोस व्हय?" मी खरंच भडंग खाऊन जगत होतो. बाहेर कुणाला माहीत नव्हतं, मेधालाही नाही. आपल्या घरात काय चाललंय ते शेजारीण मीटरवर वाचते, हे कुणाला आवडेल? मी महिनाभर तो कुकर माळ्यावर टाकला. मग एक दिवस काढला आणि खिचडी लावली. आजही त्यातच लावतो, ते जाऊ दे.

माझा धंदा प्रेझेंटेशनचा. शिवाजी पेठेत छोटं दुकान आहे, कॉलेजवाले, कारखान्याचे साहेब, बी-बियाणांच्या कंपन्या, सगळ्यांच्या स्लाइड मी करून देतो. आणि माझ्याच इमारतीच्या वार्षिक सभेत मला बघायला काय मिळायचं, तर आक्कांच्या स्लाइड. नातवाकडून शिकलेल्या. लाल जमिनीवर पिवळी अक्षरं, कडेनं झेंडूची माळ, मागं एक म्हैस, आणि प्रत्येक ओळ गिरकी घेत यायची. पाण्याच्या हिशेबाची स्लाइड तर विचारू नका. बारा घरं, बारा महिने, सगळे आकडे एका पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. माणसं खुर्च्या सोडून भिंतीजवळ जायची, आपापली ओळ बोटानं शोधायची, आणि सापडली की परत येऊन बसायची. मला ते बघवायचं नाही. दर वर्षी मी सांगायचो, आक्का, एका स्लाइडवर एकच गोष्ट सांगायची असते. त्या म्हणायच्या, "मग बाकीच्या अकरा घरांनी काय करायचं?"

गेल्या भाद्रपदात, गणपती झाल्यावर सभा होती. आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वही माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, यंदा तूच कर बाबा. माझ्या अंगात आलं. इतक्या वर्षांचा राग काढायची संधी मिळाली होती. पांढरी जमीन, सुटसुटीत अक्षरं, बारा घरांचे बारा उभे खांब. अकरा राखाडी आणि सगळ्यात उंच एकच, लालभडक. खाली ठळक आकड्यात फ्लॅट नंबर, तीनशे दोन. (नंबर आणि माणसांची नावं इथं बदलली आहेत, एवढी अक्कल आता आली आहे.) सभेआधी आक्कांना दाखवायचं राहून गेलं, किंवा त्या झेंडू मागतील म्हणून मी मुद्दामच दाखवलं नाही. स्लाइड भिंतीवर आली आणि शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही एका नजरेत कळलं. मला काय धन्य वाटलं म्हणून सांगू... तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "तीनशे दोनमधी काय लाँड्री काढलीया काय?" आणि सगळे हसले. मीही हसलो.

तीनशे दोनमध्ये वैशाली, तिचा नवरा आणि सासूबाई राहतात. वैशाली मान खाली घालून बसली होती. नवरा कामावर होता. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या वर्षभर खाली उतरत नाहीत, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग आक्का उठल्या. डोळ्यावर ऑपरेशननंतरचा तो काळा चष्मा तसाच. म्हणाल्या, "तीनशे दोनचा आकडा चुकलाय. मीच चुकीचा लिवला. पुढं घे." आयुष्यात ज्या बाईचं दुधाचं माप चुकलं नाही, ती बारा घरांसमोर म्हणाली की मी चुकले. सभा थंडावली. पण त्यानंतर महिनोन् महिने ज्याला ज्याला आपलं बिल जड वाटायचं, तो म्हणायचा, आक्कांचं आता वय झालं, चुकतात की! आणि त्या ऐकून घ्यायच्या.

काय झालं होतं ते मला कळायला महिना गेला, आणि तेही आक्कांनी बोलावून दाखवलं म्हणून. गच्चीवर उभं करून वही उघडली. तीनशे दोनचा आकडा सभेनंतर निम्म्यावर आला होता. मी म्हटलं, बघा, स्लाइडचा उपयोग झाला की नाही. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आकडा खाली आला, सतीश. आता म्हातारीच्या चादरी ती कुठं धुती, तेवढं बघून ये."

मग आक्कांनीच सांगितलं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. सगळं अंथरुणातच. बाई आयुष्यभर ताठ मानेनं वागलेली, कुणाला कळू द्यायचं नाही अशी शपथ सुनेला घातलेली. वर्षभर वैशाली घरातच चादरी धुऊन खोलीत पंख्याखाली वाळवत होती. सभेनंतर ती रोज सकाळी कामावर जाताना चादरींची बॅग स्कुटीवर घालून बहिणीकडे न्यायला लागली. बहीण माझ्या दुकानाच्याच गल्लीत राहते. ती बॅग मी पंधरा दिवस बघत होतो आणि मला वाटत होतं, जिमला जाते.

आणि मग मला एक गोष्ट कळली, जी कळायला नको होती. आक्कांची ती गिचमिड स्लाइड... तिच्यात माणसाला फक्त स्वतःचीच ओळ सापडायची. दुसऱ्याची शोधायला कुणाला सवड नव्हती आणि डोळेही नव्हते. त्या ते जाणूनबुजून करत होत्या की म्हशीचा फोटो आवडतो म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी वैशालीकडे जाऊन माफीही मागायला हवी होती. नाही गेलो. उद्या जाऊ, सुट्टीला जाऊ, नवरा घरी असताना जाऊ... लाज वाटते तेव्हा माणसाला कामं किती सुचतात!

मग दिवाळी आली. पाडव्याला बेल वाजली, दारात आक्का. हातात काजूकतलीचा बॉक्स. बाजारातला, वर मिठाईवाल्याचं नाव छापलेला. "शुभ दीपावली," म्हणाल्या आणि गेल्या. बाकीच्या दहा घरी नेहमीसारखंच काही ना काही शोधून आणलेलं होतं. मला काजूकतली. कुणीही कुणालाही देतं ती. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी हसून घेतल्या असत्या. पण माझ्याकडे बघणंच बंद केलं बाईनं! मेधा म्हणाली, चांगली आहे की कतली. मला एक तुकडा गिळवला नाही. ठरवलं, पुढच्या दिवाळीपर्यंत हे निस्तरायचं. वर्ष आहे हातात, म्हटलं. आणि या बाई होळीच्या आधीच निघून गेल्या.

तेराव्याला मालननं वही आणि बॅटरी माझ्या हातात ठेवली. सेक्रेटरी व्हायला दुसरं कुणी नव्हतंच. पहिल्या दिवशी साडेसहाला गच्चीवर गेलो तेव्हा झोप, अंधार आणि आक्का, तिघांवर मी सारखाच चिडलो होतो. महिन्यातून एकदाच वाचायचं असं ठरवूनही दुसऱ्या दिवशी परत गेलो. चौथ्या दिवशी टाकीच्या मागची जागा दिसली. दोन्हीकडून भिंत, वरून ऊन, कुठल्याही खिडकीतून दिसत नाही. मी दोरी आणली, खिळे ठोकले, चांगली पंधरा फूट ताणून बांधली. मग तीनशे दोनची बेल वाजवली. हातात काहीच नव्हतं.

वैशालीनं दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, त्या स्लाइडबद्दल आलोय, चूक माझी होती, आक्कांची नव्हती, आकडा बरोबर होता. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला." मी म्हटलं, टाकीच्या मागं दोरी बांधलीय, तिथं कुणी येत नाही. मीटर वाचायला मी येतो तेवढाच. "तुम्हीच येता," ती म्हणाली, "तीच तर भीती हाय." आणि दार लावलं. जोरात नाही, पण लावलं. मी जिन्यात उभा राहून म्हटलं, यंदाच्या सभेत खांब नाहीत, आक्कांचीच स्लाइड लावणार आहे, म्हशीसकट.

आठ दिवस तीनशे दोनचा आकडा तसाच रांगत होता. नवव्या दिवशी, म्हणजे परवा, बॅटरी मारली तर एकदम वर गेलेला. आदल्या दिवसाच्या तिप्पट. पाण्याचा एवढा मोठा आकडा बघून या इमारतीत आजवर कुणाला आनंद झाला नसेल, मला झाला. टाकीच्या मागं मी गेलो नाही. वाऱ्यानं काहीतरी फडफडत होतं, तेवढं ऐकलं. वहीत आकडा लिहिला, परत एकदा वाचून बरोबर आहे ना ते बघितलं, आणि सांगायला म्हणून मागं वळलो, तर गच्चीवर कुणीच नव्हतं. दिवाळीपर्यंत थांबायला काय झालं होतं हो आक्का? मी वही छातीशी धरून तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो.