पीएचडीच्या बाई

"नाव काय ठेवलं?" बाळंतिणीच्या दारात पीएचडीच्या बाईंचा पहिला प्रश्न हाच. दूध पितंय का, वजन किती, हे सगळं मागाहून. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. आई गप्प झाली की बाई काय ते समजायच्या आणि फॉर्म पिशवीत ठेवून तिच्याजवळ बसायच्या. "बाळ जिवंत आहे का, असं कोणत्या तोंडानं विचारू, सिस्टर?" असं मला म्हणायच्या.

मी तेव्हा जिंतूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची बाळंतपणानंतर काय देखभाल होते, यावर पीएचडी करायला बाईंना फेलोशिप मिळाली होती. तीन वर्षांची, दरवर्षी तपासणी, मगच पुढचं वर्ष मंजूर. गावाला त्याचं काय कौतुक! एका म्हातारीनं तर विचारलं, "बाई, ती पीएचडी आमाला कवा टोचणार? लय दुखती का?"

"मलाच टोचायलेत, आजी," बाई हसून म्हणाल्या.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. आडनाव विचारल्याशिवाय कुणी पाणी देत नव्हतं, आणि विचारल्यावर बाईंना काही घरी ते मिळतही नव्हतं. त्या घरीही त्या पुन्हा जायच्या, उन्हातान्हात, स्वतःची बाटली घेऊन. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. तुमच्याही गावात असं एखादं माणूस येऊन गेलं असेल, ज्याच्यापुढे आपल्याला उगीच लहान वाटतं.

मग फेलोशिपच्या ऑफिसातून नियम आला. मुलाचं नाव नसलेला फॉर्म अपुरा, तो बाद. म्हणजे मेलेली पोरंच तेवढी बाद. बाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून त्यांनी त्या प्रत्येक फॉर्मवर एकेक नाव लिहिलं. सुमन, कैलास, रुक्मिण.

"हे चूक आहे, बाई."

"असू दे. पुरताना तरी कुणी नाव घेतलं का यांचं?"

तपासणीला साहेब आले. बाईंना केंद्रातच थांबवलं, मला बरोबर घेतलं. पहिल्याच घरी फॉर्मवरचं नाव तेवढं वाचून त्यांनी विचारलं, "सुमन कुठे आहे?"

"या नावाचं कुणी न्हाई आमच्यात," आई म्हणाली. साहेबांनी फाइल मिटली.

केंद्रात बाई जीव तोडून सांगत होत्या, मूल खरं, मरण खरं, नाव तेवढं मी ठेवलं. साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमच्या रजिस्टरला आहे हा मृत्यू?"

नव्हता. ती पोर माझ्याच हातावर जन्मली होती आणि पाचव्या दिवशी गेली होती. पण आकडा वाढला की वरून विचारणा यायची, म्हणून बारशाआधी गेलेली पोरं आम्ही लिहीतच नसू.

"नाही, साहेब," मी म्हटलं.

बाईंनी आपली पिशवी उचलली. फेलोशिप बंद झाली. आठवड्याभरात त्या दुपारच्या एसटीनं गेल्या. पुन्हा त्या कधी दिसल्या नाहीत, आणि शोधायचं मला धाडस झालं नाही.

महिन्यानं ती आई केंद्रात आली. "सिस्टर, त्या दिशी सायब कुणाला इचारत होते?" मी सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ ते नाव पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "मला काय म्हाईत ती माजीच पोर? म्हाईत असतं तर पुरलेली जागा दाखवली असती की सायबाला."

जागा मलाही ठाऊक होती.