तेलुगू पानावरची शेवटची ओळ

धाकट्या भावाचं सेलूत कापसाच्या गाद्यांचं दुकान आहे. लोक फोमकडे वळले तशी गिऱ्हाइकं आटली. दिवाळीपर्यंत वाट पाहायची, नाहीतर जागा एका फोमवाल्याला भाड्यानं द्यायची, असं त्याच्या मनात होतं. माझ्या मुलीनं दुकानाची वेबसाइट केली होती. ती म्हणाली, "काका, माणूस आपल्या भाषेत शोधतो. भाषेगणिक वेगळं पान पायजे, तरच आपलं दुकान वर दिसल." मराठी, हिंदी, उर्दू झाल्यावर तिनं मैत्रिणीकडून तेलुगू पानही लिहून घेतलं. नांदेड ओलांडलं की तेलुगू मुलूख फार लांब नाही.

तपासणी माझ्याकडे आली. चारही पानांवर गादीची मापं आणि कापसाचं वजन जुळतंय का, हे मी आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. जुळत होतं. पण तेलुगू पान वाचणाऱ्याला वाटणार, दुकानात तेलुगू बोलतात. ही फसवणूक झाली. पानाच्या शेवटी एक ओळ टाकायला मी मुलीला भाग पाडलं: आम्हाला तेलुगू येत नाही. ती तेलुगूतच टाकली, नाहीतर त्याला कळणार कशी?

थोड्याच दिवसांत निजामाबादहून फोन आला.

"साब, तेलुगू नई आती बोलके तेलुगू में लिखे. लिखा कौन फिर?"

भावानं फोन माझ्या हातात दिला. मी खरं ते सांगितलं. माणूस हसत सुटला. "इत्ता सच बोलने वाला रुई में क्या मिलाएगा," म्हणाला आणि डबल गादी सांगितली. तरी एक अट घातलीच: रुई त्याच्यासमोर पिंजायची.

त्यात गैर काही नव्हतं. जुना कापूस मिसळला जाऊ नये म्हणून आमच्याकडेही गिऱ्हाईक समोर बसतं आणि ते उठलं की यंत्र बंद करतात. म्हणून व्हिडिओ कॉल लावून फोन स्टुलावर ठेवला. भावानं चहा मागवला आणि एक कप फोनसमोर ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक बसलंय, दादा. कोरडं कसं बसवावं?"

मधेच रेंज गेली. भावानं लगेच यंत्र बंद केलं. आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. माणूस परत दिसला तेव्हा यंत्र सुरू झालं.

तेवढ्यात फोमवाला जागेचं माप घ्यायला आला आणि टेप सोडत नेमका स्टुलापुढे उभा राहिला.

"सरका जरा," भाऊ म्हणाला, "गिऱ्हाइकाला दिसंना गेलंय."

"कुठाय गिऱ्हाईक?"

भावानं फोन दाखवला. आतून आवाज आला, "इनो कौन? इनो भी गादी लेने आए क्या?"

"नई साब," भाऊ म्हणाला, "दुकान देखने आए थे. जा रै अब."

फोमवाल्यानं टेप गुंडाळली.