दोन नावांचा दगड

आमच्या गावातून आम्ही तिघं एकाच भरतीत सैन्यात गेलो. एक गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, एक शेजारच्या बंजारा तांड्यावरचा आणि मी. सीमेवरच्या डोंगरांत लढाई झाली, त्यात ते दोघं एकाच सकाळी गेले. मी खालच्या चौकीवर होतो. त्यांना खाली आणणाऱ्यांमध्ये माझाही खांदा होता.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा ग्रामपंचायतीने दोघांचं स्मारक बांधायचं ठरवलं आणि काम माझ्यावर सोपवलं. शेलूबाजारकडे जाणाऱ्या फाट्यावर चौथरा बांधला, काळ्या दगडावर दोघांची नावं कोरून घेतली. प्रजासत्ताक दिनाला अनावरणासाठी एक पुढारी येणार होते. पण दिवाळीनंतर सगळा तांडा ऊसतोडीला गेलेला. त्या पोराची आईही तिकडंच. तांड्यात आईला याडी म्हणतात, आम्हीही तिला याडीच म्हणायचो.

"तिले मोबाइलवर फोटो पाठवू," सरपंच सभेत म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या शहिदाचे वडील उठले. कधी सभेत न बोलणारा माणूस.

"दोघं संग गेले. मंग एकाच्याच मायबापाले खुर्ची काहून?"

"काका, पाहुणे येऊन राह्यले," सरपंच म्हणाले.

"येऊ द्या. झेंडावंदन करू, चहा पाजू. पण ती आल्याबिगर दगडावरचा कपडा निघनार नाही."

आणि निघाला नाही. पाहुणे झेंडावंदन करून गेले. पुढे दोन महिने दगड पांढऱ्या कापडाखालीच राहिला. वाऱ्याने कापड सुटलं की काकांच्या घरच्या काकू जाऊन पुन्हा बांधून यायच्या.

गुढीपाडव्याच्या सुमारास तांडा परतला. मी याडीला निरोप द्यायला गेलो. तिने ऐकून घेतलं. मग इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं.

"तू होता ना तिथं? शेवटी त्याच्यापाशी कोणी होतं काय?"

"हे दोघं एकमेकापाशीच होते, याडी. एकाचा हात दुसऱ्याच्या पट्ट्यात होता. खाली आणताना आम्हाले सोडवा लागला."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ना मंडप, ना माइक. काका आणि याडीने मिळून कापड ओढलं. मी सलामी दिली.

तांड्यातल्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात. याडीने काकूंच्या गळ्यात हात टाकले आणि तसाच लांब सूर लावला. तिच्या बोलीतला एक शब्दही काकूंना कळत नव्हता, तरी त्या रडत राहिल्या. इतक्या वर्षांत त्या रडल्या नव्हत्या, असं काका मला हळूच म्हणाले.

मग काकूंनी डोळे पुसले आणि याडीचा हात धरला.

"चाल, घरी चाल. सकाळपासून पोटात काही नसंन तुह्या."

त्या दिवशी दोन्ही घरची माणसं काकांच्या ओसरीवर एका पंगतीत जेवली. वाढायला मी होतो.